हिमस्खलनाचा धोका आणि बर्फाची परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखलेल्या वाटा आणि राखलेले स्की-उतार सोडून बर्फाच्या डोंगरात जाणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. यातली बरीच उत्तरं फिरून फिरून उताराच्या कोनाशी येतात. बर्फाच्या पोटात काय चाललंय ते कुणालाच पुरतं कळत नाही, कोन मात्र मोजता येतो. आणि हे पान वाचलं म्हणून प्रत्यक्ष प्रशिक्षण टळत नाही.

१. हिमस्खलन म्हणजे नक्की काय? सगळी एकाच प्रकारची असतात का?

उतारावर साचलेला बर्फ सुटून वेगाने खाली आला की ते हिमस्खलन. सुटण्याच्या तऱ्हा मात्र वेगवेगळ्या आहेत. सुटा, भुसभुशीत बर्फ एका बिंदूपासून निघतो आणि उलटं नरसाळं धरावं तसा खाली येता येता रुंदावतो. हा प्रकार सहसा लहान असतो, पण कड्याच्या तोंडाशी माणसाला ढकलायला तेवढाही पुरतो.

बहुतेक बळी घेते ती लादी, म्हणजे स्लॅब. वरचा बर्फ एकमेकांना धरून सलग झालेला असतो आणि त्याच्याखाली एक कच्चा थर असतो. तो थर एका जागी मोडला की तडा आडवा धावत सुटतो आणि अख्खा उतार एकदम निसटतो. तुम्ही त्या लादीच्या खाली नसता, तिच्यावर मधोमध उभे असता. काही सेकंदांत तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या आसपास जातो. ‘लादी’ म्हटल्यावर टणक ठोकळा डोळ्यांपुढे आणू नका. गुडघाभर पाय रुतेल इतका मऊ बर्फही लादी असू शकतो.

याशिवाय ओल्या बर्फाची (प्रश्न १२), जमिनीवरून घसरणारी (प्रश्न १६), आणि धारेवरचा बर्फाचा छज्जा किंवा हिमनदीचा कडा तुटून होणारी हिमस्खलनं असतात.

२. मोठ्याने ओरडलं की हिमकडा कोसळतो, हे खरं आहे का?

नाही. माणसाच्या आवाजाने हवेत जो दाब निर्माण होतो तो कच्चा थर मोडण्याच्या जवळपासही जात नाही. स्फोटकांची गोष्ट वेगळी. माणसाचं वजन मात्र पुरेसं असतं. गिर्यारोहक आणि स्कीवाल्यांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा हिमस्खलन त्या माणसानेच किंवा त्याच्या गटातल्याच कुणीतरी सुरू केलेलं असतं. ऐकायला वाईट वाटतं, पण मला यात दिलासा दिसतो. कारण बहुतेक अपघात आपल्या निवडीतून होतात, आणि निवड बदलता येते.

३. किती तीव्र उतार धोक्याचा? आणि कोन मोजायचा कसा?

कोरड्या बर्फाच्या लाद्या मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि सर्वाधिक सुटतात त्या ३७-३८ अंशांच्या आसपास. त्याहून खूप उभ्या जागी बर्फ फारसा साचत नाही, सतत झडत राहतो. ३० अंशांच्या खाली लादी सुटणं क्वचित घडतं. घोळ असा की ज्या उतारावर जायला सगळ्यांत जास्त मजा येते तो नेमका याच पट्ट्यात बसतो.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. खालून पाहताना उतार कमी वाटतो, वरून पाहताना जास्त, आणि घाई असली की हवा तेवढा वाटतो. घरी नकाशावर मोजा. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा उंचीच्या ४० मीटरच्या अंतराने असतील, तर दोन रेषांमध्ये सुमारे १.४ मिलिमीटर अंतर म्हणजे ३० अंश. रेषा त्याहून दाट असतील तर उतार त्याहून तीव्र. मात्र नकाशा लहानसहान उंचवटे गिळून टाकतो. रेषांच्या मधे लपलेला १५ मीटरचा उभा टप्पा त्यात दिसत नाही.

डोंगरात मोबाइलमधलं किंवा होकायंत्रावरचं कोनमापक चालतं. बॅटरी गेली तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी टोक वरच्या बाजूला आणि मूठ खालच्या बाजूला अशी सरळ उताराच्या दिशेने बर्फावर दाबून ठसा उमटवा. टोक जागचं न हलवता मूठ वर उचला. त्या मुठीला दुसरी काठी धरून ओळंब्यासारखी लोंबकळू द्या आणि तिचं टोक बर्फाला टेकेपर्यंत मूठ वर-खाली करा. टोक ठशाच्या बरोबर खालच्या कडेला टेकलं तर उतार ३० अंशांचा. त्याच्या खाली टेकलं तर दर १० सेंटिमीटरला साधारण ३ अंश वाढवा. दोन-तीनदा केलं की हात बसतो. मोजमाप अर्थातच उतारात शिरण्याआधी, सुरक्षित बाजूच्या तशाच छोट्या तुकड्यावर करायचं.

४. मी तर दरीच्या तळातून सपाट वाटेने चाललोय. मला काय धोका?

तुमच्या डोक्यावर काय आहे त्यावर ते अवलंबून. हिमस्खलन ३५ अंशांवर सुरू होतं, पण थांबतं ते बरंच पुढे, सपाटीवर येऊन. थांबण्याच्या जागेपासून सुटलेल्या कडेकडे पाहिलं तर नजरेचा कोन बऱ्याचदा २० ते २५ अंश निघतो, मोठ्या हिमस्खलनांत त्याहूनही कमी. म्हणून वाटेवर उभं राहून वरच्या धारेकडे कोनमापक धरण्याची सवय लावा.

दुसरी गोष्ट दूरवरून सुटण्याची. कच्चा थर सलग पसरलेला असेल तर सपाटीवर तुमच्या पायाखाली मोडलेला तडा वरच्या उतारापर्यंत धावत जातो आणि तिथली लादी तुमच्या अंगावर येते.

तिसरी, जागेचा सापळा. अरुंद घळ, नाल्याचं पात्र, उताराच्या पायथ्याशी अचानक सपाटी, खाली कडा किंवा दगड. अशा ठिकाणी लहानसं हिमस्खलनही माणसाला दोन मीटर खोल गाडतं किंवा आपटतं. हिमस्खलनातले साधारण चौथा हिस्सा मृत्यू गुदमरून नव्हे तर मार लागून होतात.

५. धोक्याची पातळी ३ म्हणजे पाचपैकी तीन, म्हणजे मध्यमच ना?

हा गैरसमज फार महाग पडतो. युरोपात १९९३ पासून वापरात असलेली आणि पुढे इतरत्रही स्वीकारलेली ही मोजपट्टी पाच पायऱ्यांची आहे: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त, ५ अतिशय जास्त. ‘मध्यम’ हे नाव दोनचं आहे, तीनचं नव्हे. शिवाय पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीला धोका काही पटींनी वाढतो.

बऱ्याच देशांत सर्वाधिक जीव पातळी ३ लाच जातात. चार-पाचला लोक घरी थांबतात. तीनला आकाश निळं असतं, बर्फ ताजा असतो, आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन आलेलं असतं. आणि एका माणसाच्या वजनाने उतार सुटू शकतो.

वेर्नर मुंटर या स्विस पर्वत-मार्गदर्शकाने घातलेला साधा नियम मला आजही सर्वांत कामाचा वाटतो: पातळी २ ला ४० अंशांच्या खाली राहा, ३ ला ३५ च्या खाली, ४ ला ३० च्या खाली. पाचला प्रश्नच नाही. कोन उताराच्या सर्वांत उभ्या भागाचा धरायचा, सरासरी नव्हे. पातळी २ ला तुमच्या मार्गालगतचा भाग पाहा, ३ ला अख्खा उतार, ४ ला वरून येऊ शकणारे सगळेच उतार.

६. अंदाजाचं बुलेटिन कसं वाचावं? आणि बुलेटिनच नसेल तर?

बहुतेक जण आकडा बघतात आणि पान बंद करतात. आकडा सगळ्यांत कमी उपयोगाचा. त्याखालचं वाचा: कोणती समस्या आहे (ताजा बर्फ, वाऱ्याची लादी, जुना कच्चा थर, ओला बर्फ, जमिनीवरून घसरण), कोणत्या उंचीच्या वर आणि कोणत्या दिशांच्या उतारांवर. ‘२,४०० मीटरच्या वर, उत्तर ते पूर्व’ असं लिहिलं असेल तर दिवसाचा मार्ग अर्धा तिथेच ठरतो. बुलेटिन एका मोठ्या प्रदेशाचं असतं हेही विसरू नका. तुमच्या समोरच्या घळीबद्दल ते काहीही सांगत नाही.

स्वित्झर्लंडमध्ये दावोसची हिम आणि हिमस्खलन संशोधन संस्था असे अंदाज देते. भारतात संरक्षण संशोधन संघटनेची चंदीगड इथली डीजीआरई ही संस्था हिमालयातल्या भागांसाठी इशारे देते. जगातल्या बहुतेक उंच डोंगरांना मात्र रोजचं बुलेटिन नाही. तिथे गेल्या आठवड्याभराचा बर्फ, वारा आणि तापमान स्वतः टिपून ठेवा, तिथे रोज वावरणाऱ्यांना नेमके प्रश्न विचारा (‘धोका आहे का?’ असं नको; ‘शेवटचा वारा कुठून होता, कुठली घळ सुटली?’ असं विचारा), आणि खात्री नसेल तर पातळी ३ धरून कोन निवडा.

७. ताजा बर्फ किती पडला की थांबायचं?

एकच आकडा नाही. २४ तासांत ३० सेंटिमीटर हा ढोबळ इशारा. पण जोराचा वारा, कडाक्याची थंडी आणि खालचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर १०-२० सेंटिमीटरही पुरतात. उलट वारा नसेल, हवा शून्याच्या जवळ असेल आणि खालचा बर्फ खडबडीत असेल तर ३०-६० सेंटिमीटरपर्यंत उतार तग धरतो. एकूण किती पडला याइतकंच किती भराभर पडला हेही महत्त्वाचं. तासाला दोन-तीन सेंटिमीटरने काही तास पडत असेल तर खालच्या थरांना सावरायला सवड मिळत नाही. आणि वादळानंतरचा पहिला लख्ख दिवस हा अपघातांचा दिवस असतो.

८. बर्फ पडलाच नाही, फक्त वारा होता. मग धोका कसा वाढेल?

वारा बर्फ नवा आणत नाही, आहे तो हलवतो. आकाशातून पडायला लागतो त्याच्या दहापट वेगाने तो आडोशाच्या बाजूला बर्फ भरू शकतो. वाटेत कण आपटून बारीक होतात, त्यामुळे साचल्यावर ते एकमेकांना घट्ट धरतात. म्हणजे लादी तयार. धारेवर झेंड्यासारखा बर्फ उडताना दिसला तर समजा, पलीकडच्या उतारावर भर पडते आहे.

जमिनीवरच्या खुणा वाचायला शिका. वाऱ्याकडच्या बाजूला बर्फ खरवडलेला, लाटालाटांचा असतो. आडोशाच्या बाजूला उशीसारखा फुगलेला, गुळगुळीत, कधी खडूसारखा मंद पांढरा. त्यावर पाऊल टाकलं की ढोलासारखा पोकळ आवाज येतो. धारेवरचा छज्जा ज्या दिशेला झुकलाय ती आडोशाची बाजू. त्या छज्ज्यावर उभं राहून खाली डोकावण्याचा मोह आवरा. तो जिथून तुटेल असं वाटतं त्याच्या बराच मागून तुटतो. आणि वारा फक्त धारेपाशीच भर घालतो असं नाही, आडवा वाहणारा वारा उताराच्या मधल्या प्रत्येक घळीची एक बाजू भरून काढतो.

९. कच्चा थर तयार कसा होतो? थंडीत बर्फ घट्टच होत जाईल ना?

नेमकं उलट. कडक थंडी कच्चे थर बनवते आणि बनलेले टिकवते.

बर्फाखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते. वरची हवा उणे २० असेल आणि बर्फाची जाडी फक्त ५० सेंटिमीटर असेल, तर दर १० सेंटिमीटरला ४ अंशांचा फरक पडतो. हा फरक १ अंशाच्या वर गेला की खालची वाफ वर सरकू लागते आणि गोलसर, एकमेकांना चिकटलेले कण कोनेदार, सुटे होत जातात. मूठभर उचला, साखरेसारखे बोटांमधून ओघळतील, गोळा वळणार नाही. तेच बर्फ २ मीटर जाड असेल तर फरक १ अंशावर येतो आणि कण हळूहळू पुन्हा बांधले जातात. म्हणून कमी बर्फाचा हिवाळा सुरक्षित, हा समज खोटा. पातळ थर आणि लांबलेली थंडी ही जोडी पुढच्या प्रत्येक बर्फवृष्टीखाली वाळूचा पाया घालून ठेवते.

दुसरा कच्चा थर दिसायला फार देखणा असतो. निरभ्र, शांत, दमट रात्री बर्फावर पिसांसारखे स्फटिक उगवतात, सकाळी उन्हात चमचमतात, पावलाखाली किणकिणतात. उघडे असताना ते निरुपद्रवी. पण त्यांच्यावर २० सेंटिमीटर बर्फ पडला की पत्त्यांच्या बंगल्यावर लादी ठेवल्यासारखी स्थिती होते, आणि सावलीच्या बाजूला ती कित्येक आठवडे तशीच राहू शकते. कुठे स्फटिक दिसले ते वहीत टिपून ठेवा. गाडले गेल्यावर ते दिसत नाहीत.

१०. खड्डा खणून बर्फ तपासला की पुरे का?

तपासणी शिका, जरूर करा, पण तिच्यावर ‘होकार’ मागू नका.

आधी थरांचा कडकपणा पाहायचा. खड्ड्याच्या सावलीतल्या भिंतीत वरून खाली हलक्याच दाबाने मूठ घुसवून बघा. मूठ जात नसेल तर चार बोटं, मग एक बोट, मग पेन्सिलीचं टोक, मग चाकू. कडक थराखाली एकदम मूठ जाईल असा मऊ पट्टा लागला की तिथेच थांबा, कारण मऊवर कडक ही जोडी वाईट.

मग स्तंभाची चाचणी. उताराला आडवा ९० सेंटिमीटर आणि वरच्या बाजूला ३० सेंटिमीटर असा ठोकळा चारी बाजूंनी मोकळा करा. एका टोकावर फावडं ठेवून मनगटातून १०, कोपरातून १० आणि खांद्यातून १० असे ठोके द्या. तडा पडून लगेच, फार तर पुढच्या एका ठोक्यात, अख्ख्या ९० सेंटिमीटरभर धावला तर थर तडा पसरवू शकतो. आजचा उभा उतार रद्द. धावला नाही तर? तर एवढंच कळलं की या एका जागी आज धावला नाही.

एका प्रशिक्षणात आम्ही असाच नीटनेटका खड्डा खणला. तिसाव्या ठोक्यापर्यंत काहीच झालं नाही, सगळ्यांचे चेहरे उजळले. सामान आवरताना एक जण पंधरा-वीस पावलांवर पाठपिशवी घ्यायला गेला आणि ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन आमच्या सगळ्यांच्या पायाखालचं मैदान बोटभर खाली बसलं. उतार जेमतेम २० अंशांचा होता, म्हणून हसलो. बर्फ दहा पावलांवर बदलतो. तेव्हापासून खड्ड्याचा निकाल माझा बेत फक्त आखडता घेऊ शकतो, वाढवू शकत नाही.

११. कोणती खूण दिसली की लगेच मागे फिरायचं?

पहिली, शेजारच्या तशाच दिशेच्या आणि उंचीच्या उतारावर ताजं हिमस्खलन. याहून स्पष्ट भाषेत डोंगर बोलत नाही. दुसरी, वर सांगितलेला ‘धप्प’ आवाज, म्हणजे कच्चा थर मोडून बसल्याचा. तिसरी, पायापासून किंवा स्कीच्या टोकापासून काचेसारखे पळणारे तडे. या तिन्हींवर चर्चा करत बसू नका. कमी कोनाच्या जागी या, मग बोला.

जोराचा बर्फ किंवा पाऊस, ताजी वाऱ्याची भर आणि झपाट्याने चढणारं तापमान या पुढच्या खुणा. त्यांचा अर्थ प्रश्न ७, ८ आणि १२ मध्ये आहे.

१२. ‘ऊन चढण्याआधी खाली या’ असं सांगतात, त्यामागे काय?

निरभ्र रात्री बर्फाचा वरचा भाग गोठून कडक कवच होतं. ते कवच आहे तोवर उतार धरून असतो. ऊन चढलं की पाणी आत झिरपतं, कणांमधली पकड सुटते. आधी पूर्वेकडचे उतार, मग दक्षिणेकडचे, मग पश्चिमेकडचे (दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडच्या उतारांवर जास्त). खडकांभोवतीचा बर्फ सर्वांत आधी सैल होतो. उतारावरून आपोआप गोळे घरंगळायला लागले, बूट घोट्याच्या वर रुतायला लागला, तर तुम्हाला उशीर झालेला आहे.

यातली खोच अशी: रात्र ढगाळ असेल तर कवच गोठतच नाही, मग पहाटे चारला निघूनही उपयोग नाही. निरभ्र आकाशाखाली हवा उणे असताना बर्फ चांगला गोठतोच, पण हवा शून्याच्या जरा वर असली तरीही गोठू शकतो, म्हणून नुसतं हवेचं तापमान पाहू नका, निघताना कवचावर टाच आपटून बघा. आणि कोरड्या बर्फावर पाऊस पडला, तर ऊन असो-नसो, उतार काही मिनिटांत सुटू शकतात.

१३. उत्तरेचे उतार जास्त धोक्याचे असतात का?

उत्तर गोलार्धात, भर हिवाळ्यात, हो. ऊन न मिळाल्याने तिथले कच्चे थर टिकतात (प्रश्न ९). वसंतात दुपारी पारडं फिरतं (प्रश्न १२). वारा दक्षिणेकडे भर घालत असेल तर हिवाळ्यातही दक्षिण उतार वाईट.

१४. झाडीत शिरलो की सुरक्षित ना?

झाडं इतकी दाट असतील की त्यांतून वाट काढणं कटकटीचं होईल, तर थोडंफार. स्की करत मजेत जाता येईल एवढी मोकळी झाडी हिमस्खलनाला अडवत नाही. उलट वाहत आलात तर बुंध्यांवर आपटाल. ज्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या साफ उडालेल्या आहेत, ती हिमस्खलनाच्या नेहमीच्या रस्त्यात उभी आहेत.

१५. आधीच दहा जणांच्या पाऊलखुणा आहेत. मग उतार तपासलेलाच झाला की?

नाही. लादी सगळीकडे सारखी जाड नसते. जाड भागावर वजन कच्च्या थरापर्यंत पोचत नाही. दहा जण त्यावरून जातात, अकरावा दगडाजवळच्या पातळ भागावर पाय ठेवतो आणि तिथे सुरू झालेला तडा दहाही खुणा पुसून टाकतो. शिवाय खुणा पहाटेच्या कवचावरच्या असू शकतात, तुम्ही दुपारी आला आहात.

अपघातांच्या अभ्यासात हीच मनाची सवय पुन्हा पुन्हा दिसते: ओळखीचा उतार, आधीच्या खुणा, ठरवलेलं शिखर, आणि ‘सर बरोबर आहेत, त्यांना कळतंय’ हा विश्वास. यावर आमच्या गटात एकच उपाय चालला. कुणालाही, सर्वांत नवख्यालाही, एका ‘नको’ने उतार रद्द करता येतो आणि त्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की लोक गप्प बसतात.

१६. उतारावर जमिनीपर्यंत उघडी भेग दिसते. ती सुटून गेली म्हणायची का?

नाही. गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावर अख्खा बर्फ जमिनीवरून सावकाश घसरतो आणि अशी भेग पडते. ती तासाभरात सुटेल, महिन्याने सुटेल किंवा वितळेपर्यंत तशीच राहील. रात्री, थंडीतही सुटते. तुमच्या वजनाचा तिथे फारसा संबंध नसतो, त्यामुळे तपासणीही उपयोगाची नाही. भेगेखाली थांबू नका, जेवायला तर मुळीच नाही.

१७. हिमस्खलन हिवाळ्यातच होतं ना?

उंचीवर ऋतू वेगळा चालतो. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का दांडा-२ शिखरावर प्रशिक्षणार्थी गिर्यारोहकांची मोठी तुकडी हिमस्खलनात सापडली आणि त्यांतल्या अनेकांचा जीव गेला. पावसाळ्याच्या शेवटी मैदानात पाऊस पडत असतो तेव्हा ५,००० मीटरच्या वर तोच बर्फ होऊन साचत असतो. त्या उंचीवर महिना न पाहता प्रश्न ७ पाहा.

१८. संशयाचा उतार ओलांडावाच लागला तर?

‘लागला’ हा शब्द आधी तपासा. तरीही जायचंच असेल तर एका वेळी एकच माणूस, बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवून. शक्य तितक्या वरून, बाहेर फुगलेल्या भागाच्या खालून नव्हे. काठ्यांचे पट्टे हातातून काढा, स्कीचे सुरक्षा-पट्टे सोडा. मधे थांबू नका. मागच्याने पुढच्याच्याच पावलांवर पाय ठेवावा. आणि वर दुसरा गट नाही ना, हे निघण्याआधी पाहा.

१९. बीकन, प्रोब, फावडं यांतलं काय घ्यावं?

तिन्ही, प्रत्येकाकडे. बीकन म्हणजे गाडलेल्या माणसाचा रेडिओ-संदेश पाठवणारं आणि शोधणारं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी. बीकनशिवाय शोध म्हणजे अंदाज, प्रोबशिवाय खणणं म्हणजे अंदाज, आणि फावड्याशिवाय बाकी दोन्ही व्यर्थ. आजचे सगळे बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतात, त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांना ऐकतात. तीन अँटेनांचा डिजिटल घ्या. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा, फावडं धातूचं. प्लॅस्टिकचं पातं घट्ट बसलेल्या बर्फात वाकतं. मोबाइल, कॅमेरा, हीटरवाले हातमोजे हे बीकनपासून पाठवताना किमान २० आणि शोधताना किमान ५० सेंटिमीटर लांब ठेवा. बीकन अंगावर बांधा, पिशवीत नको. निघताना रोज एकमेकांचे तपासा.

एअरबॅगबद्दलही (पाठीवरची, दोरी ओढली की फुगणारी पिशवी) विचारतात. वापरावी, मृत्यूचं प्रमाण ती साधारण निम्म्याने कमी करते. पण ती वर तरंगायला मदत करते, कड्यावरून पडण्यापासून वाचवत नाही. आणि ती पाठीवर आहे म्हणून पाच अंश जास्त उभा उतार निवडला तर हिशेब तिथेच संपला.

२०. साथीदार गाडला गेला. पहिल्या काही मिनिटांत काय करायचं?

मदत पथक येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. पूर्वी पहिली १८ मिनिटं हाताशी आहेत असं शिकवलं जाई. नव्या स्विस अभ्यासाने ती १० वर आणली आहेत. दहा मिनिटांत काढलेल्यांपैकी दहात नऊ जण वाचतात, अर्ध्या तासाने तिघांतला एक. त्याला वाचवणारे तुम्हीच.

शेवटचं कुठे दिसला ती जागा डोळ्यांनी पकडून ठेवा. वरून दुसरं काही येणार नाही ना, हे पाहा. सगळ्यांचे बीकन शोधावर. एकाचाही पाठवण्यावर राहिला तर सगळे त्याच्याच मागे धावतात. एक जण फोन करेल, बाकीचे लगेच सुरू. एकटेच असाल तर आधी शोध.

बर्फावर हातमोजा, काठी, बूट दिसतो का ते बघत खाली जा. संदेश मिळेपर्यंत ४० मीटर रुंदीचे पट्टे घ्या. मिळाला की बाण दाखवेल तसं, तो वळणावळणाने नेईल. १० मीटरच्या आत वेग कमी करा, ३ मीटरच्या आत बीकन बर्फाला टेकवून सावकाश फिरवा. सर्वांत कमी आकडा आला तिथून प्रोब उताराला काटकोनात खुपसा, मग २५-२५ सेंटिमीटरवर चक्राकार बाहेर. लागला की प्रोब काढू नका. खणायला प्रोबच्या डोक्यावर उभे राहू नका. उताराच्या खालच्या बाजूला, खोलीच्या दीडपट अंतरावरून आत शिरा, बर्फ मागे ढकलत. आधी चेहरा आणि छाती मोकळी करा. श्वास नसेल तर तिथेच तोंडाने श्वास द्यायला सुरुवात करा.

हे वाचून जमत नाही. हंगामात दोनदा तरी पिशवीत बीकन घालून गाडा आणि घड्याळ लावून काढा. पहिल्या वेळी आम्हाला शोधायला चार मिनिटं लागली आणि खणायला अकरा.

२१. मी स्वतःच सापडलो तर?

ओरडा, म्हणजे बाकीच्यांची नजर वळेल. काठ्या सोडा, एअरबॅग असेल तर ओढा. वेग येण्याआधी बाजूला निसटता आलं तर निसटा, नाहीतर वर राहण्यासाठी जीव खाऊन हातपाय मारा. वेग मंदावतोय असं वाटताच एक हात तोंडासमोर आणा. थांबल्यावर बर्फ सिमेंटसारखा बसतो, बोटही हलत नाही. तोंडासमोरची पोकळीच मग श्वास पुरवते.

२२. पातळी १ आहे, एकही वाईट खूण नाही. तरी उतार सुटू शकतो का?

हो. पातळी १ चा अर्थ ‘शून्य’ नाही. अतिशय उभ्या जागी, धारेखालच्या लहान घळीत, वाऱ्याने भरलेल्या एखाद्या खोलीएवढ्या तुकड्यात लादी असू शकते. ती तुम्हाला गाडणार नाही कदाचित, पण खाली कडा असेल तर गाडण्याची गरजही नसते. अशा दिवशी मी ४० अंशांच्या घळीत जातो, मात्र आधी दोन गोष्टी पाहून: घळीच्या तोंडाशी उशीसारखा फुगवटा आहे का, आणि घसरलो तर कुठे जाऊन थांबेन.